अक्काच्या कपाटातलं मॉस

अक्का,

पेपरात तुझ्या फोटोखाली 'शांत आणि मितभाषी' असं छापून आलंय. ते मी दिलेलं नाही. जयसिंगपूरच्या दादानं दिलं, आणि दिल्यावर त्यालाच शरम वाटली असावी, कारण सकाळी सकाळी फोन करून म्हणाला, "सुजे, दोन ओळींची जागा भरायची होती गं." आता भेटायला येणारी माणसं ते वाचून येतात आणि दारातच घुटमळतात. खालच्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींनी तर उघड विचारलं, "चुकून दुसऱ्या कुणाचं छापलं काय हो?" मला हसू फुटलं. तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते असं. वहिनींना वाटलं मी रडतेय, त्यांनी मला पोटाशी धरलं. मीही धरू दिलं.

सगळे विचारतात, काय झालं, कसं झालं, त्रास झाला का. ते मी सांगते. पण बारा वर्षं एका घरात राहून आत्या आणि भाची कशावरून भांडत होत्या, हे कुणी विचारत नाही. आणि विचारलं तर सांगू काय? शेवाळावरून?

शेवाळ हा तुझा शब्द. माझा शब्द मॉस. पावसाळ्यात भिंतींवर, कौलांवर, पायऱ्यांच्या कडेला हिरवी मखमल चढते ती. पाण्यावर तरंगतं ते शेवाळ वेगळं, हे मी तुला शंभर वेळा तरी सांगितलं असेल. तू प्रत्येक वेळी "व्हय" म्हणालीस आणि पुढच्याच वाक्यात परत शेवाळ म्हणालीस. तू पस्तीस वर्षं शाळामास्तरीण होतीस. दुसऱ्यानं शिकवलेलं तुला आवडायचं नाही.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, ते जयसिंगपूरच्या घरात. तिथल्या मोरीजवळच्या फरशीवर पावसाळाभर ही मखमल असायची आणि तू ती खरवडू द्यायची नाहीस. सुईच्या टोकावर मावेल एवढ्यात अनंत जीव असतात, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. म्हणून तू फरशीवर विटा मांडल्या होत्यास आणि सगळं घर त्या विटांवरून उड्या मारत तोंड धुवायला जायचं. सहा वर्षांची असताना मी तिथं आपटले, हनुवटी फुटली, टाके पडले. दवाखान्यात तू डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगितलंस ते असं, "शेवाळावरनं न्हाय पडली. विटंवरनं पडली."

पुढं मी वनस्पतिशास्त्र घेतलं, पीएचडीला मॉस निवडलं. का निवडलं, ते तेव्हा मला विचारलं असतंस तर मी काहीतरी मोठ्या गोष्टी सांगितल्या असत्या. तुला मात्र कारण विचारायची गरजच पडली नाही. तू आपल्या जैन मंदिरात सांगितलंस, "आमची सुजी शेवाळाची सेवा करती." दोन-तीन बायका माझ्याकडं भक्तिभावानं बघायला लागल्या. मी खुलासा केला नाही. एकीनं तर माझ्यापुढं हात जोडले, तरीही केला नाही.

तुझी ही समजूत तू निवृत्त होऊन कोल्हापूरला माझ्याकडं राहायला येईपर्यंत टिकली. मोडली ती मिक्सरनं.

मॉस वाढवायचं तर ते वाटावं लागतं. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण त्याच्या प्रत्येक बारीक तुकड्यातून नवं मॉस उगवतं, म्हणून थोड्या पाण्यात घालून फिरवायचं आणि काचेच्या ताटल्यांमधल्या जेलीवर पसरायचं. त्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या लॅबमधलं यंत्र बंद पडलं होतं. मी घरचं छोटं भांडं नेलं. साधंच मॉस होतं, काही बदल न केलेलं. भांडं घासून, उकळून परत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तू झाकणाच्या रबरातून टाचणीनं एक हिरवा ठिपका काढलास, बोटावर घेऊन उजेडात धरलास आणि म्हणालीस, "कोथमीर न्हाय ही."

मग मला सगळं सांगावं लागलं. तू खुर्चीत बसलीस.

"म्हंजे तू शेवाळ वाटतीस."

"वाटल्यावर ते वाढतं गं अक्का."

"सेवा न्हाय करत."

"म्हणजे, एका अर्थानं…"

"माझ्या चटणीच्या भांड्यात."

पुढचे चार महिने घरात चटणी झाली नाही. शेंगदाण्याची नाही, कारळ्याची नाही, जवसाची नाही. मी नवं भांडं आणलं तर म्हणालीस, "ह्या घराचा आता भरवसा न्हाय." आणि मंदिरातल्या त्या बायकांना तू काय सांगितलंस ते मला कळलं नाही, पण नंतर त्यांच्यातली एक मला बघून रस्त्याच्या पलीकडून जायला लागली.

तरी तू विचारणं सोडलं नाहीस, याचं मला आजही नवल वाटतं. रागावलीस आणि रागावून तिथंच थांबली नाहीस. चटणी बंद असतानाच एका संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारलंस, "पन हे सगळं करायचं कशाला?"

मी सांगितलं. प्रत्येक जिवात जनुकं असतात, म्हणजे कुणी काय करायचं त्याची लिहून ठेवलेली कामं. एखादं जनुक काय काम करतं हे कळायचं असेल तर ते काढून टाकायचं आणि मग काय बिघडतं ते बघायचं.

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "घरातलं एक मानूस न्हायसं करायचं आनि काय काय अडतंय ते बघायचं. असंच न्हवं?"

"असंच."

"मग त्यासाठी शेवाळच का?"

मी म्हटलं, दुसऱ्या झाडांत आपण बाहेरून जनुक घातलं तर ते कुठंही जाऊन बसतं, एसटीत मिळेल त्या जागेवर बसणाऱ्या माणसासारखं. मॉसमध्ये तसं नाही. आपण ज्या सीटचं तिकीट देऊ, ते नेमकं त्याच सीटवर जाऊन बसतं. म्हणून जगभरचे लोक मॉसवर काम करतात.

"आनि आधी त्या सीटवर बसलेला?"

"त्याला उठवतं."

"भांडान न्हाय होत?"

"नाही."

"हुपरी गाडीत बसीव म्हणावं एकदा."

अक्का, मी हे उदाहरण नंतर कितीतरी वर्गांत वापरलं. मुलं हसतात, आणि परीक्षेत बरोबर लिहितात. एकानं उत्तरपत्रिकेत हुपरी गाडीही लिहिली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

आमचं घोडं मात्र अडलं होतं. आम्ही ज्या जनुकाच्या मागं होतो ते काढून टाकलं, दीड वर्ष झालं, पण मॉसला काही होतच नव्हतं. खाऊन-पिऊन मजेत. ऊन दे, थंडी दे, तहानेनं ठेव, ते आपलं साध्या मॉसशेजारी तस्संच हिरवंगार. माझी विद्यार्थिनी प्रियांका गारगोटीहून येऊन वसतिगृहात राहून त्याच्यावर पीएचडी करत होती. ती रोज ताटल्यांकडं बघून अशी सुस्कारे सोडायची की मला माझ्या टेबलावर ऐकू यायचे. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "त्ये जनुक रिकामटेकडंच असंल. हापिसात असत्यात की तसली."

आणि मग तू लॅबमध्ये आलीस. गुडघे दाखवायला डॉक्टरांकडं गेलो होतो, वाटेत मला पाच मिनिटांचं काम होतं. त्या पाच मिनिटांत प्रियांका जुन्या ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये रचत होती. तू कौतुकानं विचारलंस, "मोठा कुकर दिसतोय. काय शिजवताय, बाळ?"

प्रियांका भाबडी. तिनं सांगितलं. बदललेलं मॉस बाहेर जाऊ द्यायचं नसतं, तसा नियम असतो, म्हणून काम झालं की सगळ्या ताटल्या यात घालून वाफेनं मारायच्या.

तू काही बोलली नाहीस. तू काही बोलली नाहीस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. रिक्षात पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीस. गुडघे फार दुखत असतील म्हणून मी रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगितलं.

चार दिवसांनी प्रियांकानं नोंदवही आणि ताटल्या ताडून बघितल्या, तर एक कमी. बदललेल्या मॉसची ताटली हरवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. प्रत्येकीचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तीन आठवड्यांनी जैवसुरक्षा समितीचे अध्यक्ष तपासणीला येणार होते. आम्ही फ्रिज उपसला, कपाटं उपसली, सिंकखाली झोपून टॉर्च मारला. प्रियांका रडायला लागली, मॅडम माझ्याच हातून गेली असणार, माझं आता काय होणार. मी तिला समजावत पुन्हा फ्रिज उघडून बघत होते. घरी येऊन तुला सांगितलं. तू शांतपणे ताक घुसळत होतीस. म्हणालीस, "सापडंल की. कुठं जातीया."

रोज संध्याकाळी मी तेच रडगाणं घेऊन यायचे आणि तू मला रोज धीर द्यायचीस. काय पण धीर! समिती यायच्या दोन दिवस आधी दुपारी तू मला चहा दिलास, समोर बसलीस आणि पदराशी चाळा करत म्हणालीस, "एक विचारू? समज, कुनाच्या घरात तसली ताटली असली…"

मी कप खाली ठेवला.

"समज म्हनलं मी. तर तिला पानी घालायचं असतंय काय?"

"अक्का, कुठं आहे?"

"झाकान चिकटपट्टीनं बंद हाय, आनि मी ते काढलेलं न्हाय. परक्याच्या भांड्याचं झाकान मी काढत न्हाय. पन तीन आठवडं झालं, पान्याबिगर जीव जायाचा म्हणून विचारतो."

कपाटाचा खालचा कप्पा. इरकली साड्यांच्या दोन घड्यांमध्ये ताटली उभी खोचलेली. कुणाला दिसू नये म्हणून अंधारात, आणि जागा नव्हती म्हणून उभी.

मी तुझ्यावर आयुष्यात एवढी कधी ओरडले नव्हते. माझी नोकरी, त्या पोरीचं शिक्षण, लॅबला कुलूप लागेल, काय काय बोलले. शेवटी तुझ्याच शस्त्रानं तुला मारायचं म्हणून म्हटलं, "चोरी केलीस तू! अचौर्य व्रत कुठं गेलं?"

तू माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलीस, "दोनातलं एक मोडायचं होतं! त्यातलं बारकं मोडलं!"

आणि तेव्हा माझं ताटलीकडं लक्ष गेलं.

आम्ही नेहमी ताटलीच्या मधोमध रेघ मारतो. डावीकडं साधं मॉस, उजवीकडं जनुक काढलेलं. अंधारात मॉसची पानं वाढत नाहीत, नुसते बारीक तंतू वाढतात. जेलीतली साखर खाऊन ते तग धरतात आणि सरळ वर जातात. उजेड नसला तरी वर कुठं आणि खाली कुठं हे त्यांना कळतं. डावीकडचे तंतू तसेच होते, पीटीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे ताठ. उजवीकडचे मात्र वाट्टेल तिकडं. एक वर, चार खाली, उरलेले आडवे. जत्रा फुटल्यासारखे.

मी खाली बसले. त्या जनुकाचं काम काय ते कळलं होतं. वर कुठं आहे हे सांगणं. दीड वर्ष आम्ही त्याला ऊन-थंडी-तहान सगळं दिलं, पण अंधार दिला नव्हता. अंधार आमच्या यादीत होता, खाली कुठंतरी.

"काय झालं?" तू घाबरून विचारलंस. "मेली?"

मी तुला चष्मा आणून दिला आणि दाखवलं. तू बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "उजव्या बाजूला आवसान न्हाय, दिशा न्हाय. आई-बाप न्हायत त्यांना?"

"जनुक नाही, अक्का."

"त्येच की."

आता मला मोह झाला, तो कबूल करते. ताटली गुपचूप परत ठेवायची, फ्रिजमागं सापडली म्हणून लिहायचं, प्रश्न मिटला. मी तसं बोलूनही दाखवलं. तू चष्मा काढलास. "चोरी मी केली. तू खोटं लिहिलंस तर दोघी गेलो. एकटीला जाऊ दे."

समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे, फार सभ्य आणि फार मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर मी सुरुवात करायच्या आत रिक्षातून तू हजर. नऊवारी, हातात पिशवी, कपाळाला घाम. "पावणं, बसा बसा, उठू नका," म्हणालीस, जसं काही लॅब तुझी होती. "ताटली मी नेल्ती. ह्या दोघींचा काय संबंध न्हाय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आजी, का नेलीत?"

"मारणार होत्या तिला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. मग त्यांनी विचारलं झाकण उघडलं होतं का, कुठं ठेवली होती, कुणी हात लावला का, आणि तू मुलांना धडा सांगावा तशी उत्तरं दिलीस. लेखी हवं म्हणाले तर तू माझं पेन घेतलंस आणि सुंदर मास्तरी अक्षरात लिहिलंस, 'सदर ताटली मी जीवदयेपोटी, कोणासही न विचारता, माझ्या पिशवीतून नेली. ताटलीची कोणत्याही प्रकारे हेळसांड झालेली नाही.' खाली सही, त्याखाली 'सेवानिवृत्त शिक्षिका'. तो कागद अजून आमच्या फायलीत आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही तो दाखवतो. काय करू नये यासाठी, आणि अक्षरासाठीही.

शिक्षा व्हायची ती झालीच. दोन महिने लॅबचं काम बंद, कपाटांना कुलपं, मला लेखी ताकीद. घराबाहेर गेलेल्या ताटलीवरून काही सिद्ध करता येत नाही, त्यामुळं सगळं नव्यानं करायचं. प्रियांका एक सत्र मागं पडली. तिच्या आईशी तूच फोनवर बोललीस. काय बोललीस देव जाणे, पण गारगोटीहून डबाभर तिळाचे लाडू आले, ते तुझ्या नावानं.

आणि ताटली त्याच दिवशी नष्ट करायची, असा आदेश होता. मी ती स्वतःच्या हातानं ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली.

घरी आले तर तू दारात. "माझ्या ताटलीचं काय केलं?"

"ठेवलीय," मी म्हटलं. "लॅबमध्ये. नीट."

"बरी हाय?"

"बरी आहे."

पुढची चार वर्षं तू आठ-पंधरा दिवसांनी तेच विचारायचीस आणि मी तेच सांगायचे. मी स्वतःला समजावायचे की हे तसं खोटं नाही. त्याच मॉसचे तुकडे आमच्याकडं जिवंत होतेच, तुकडा काय आणि मूळ काय, मॉसमध्ये फरक नसतो. यावरही आपण वाद घातला होता. तुझं म्हणणं, फरक असतोच, नसता तर तू मला दुसऱ्या कुणाच्या पोरीशी बदलून घेतलं असतंस. "लई वेळा मनात आल्तं," असंही म्हणालीस.

नव्यानं केलेल्या प्रयोगात तेच दिसलं. अंधारात साधं मॉस उभं, जनुक काढलेलं सैरावैरा. शोधनिबंध लिहायला घेतला तेव्हा मी तुझं नाव आभारात घालायचं ठरवलं. तू हात जोडलेस. "वाटलेलं, मारलेलं सगळं माझ्या नावावर नको." शेवटी 'घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे आभार' एवढंच लिहिलं. निबंध तपासणाऱ्यानं विचारलं, या व्यक्तीचं योगदान काय? प्रियांकानं उत्तर लिहिलं, 'साठवणूक.'

त्यानंच आणखी एक मागणी केली. काढलेलं जनुक परत घाला आणि मॉस परत सरळ उभं राहतं का ते दाखवा, तरच मानू. मी वैतागून घरी आले, अजून आठ महिने गेले म्हणून. तू म्हणालीस, "बरोबर हाय की त्यांचं. उठवलेल्याला परत बसवायचं आनि बघायचं. एवढं तर मी बी विचारलं असतं." खरंच विचारलं असतंस. तुझ्यासारखी खडूस परीक्षक मला दुसरी भेटली नाही, आणि तुझ्या प्रश्नांपुढं उभं राहायची सवय नसती तर मी पहिल्याच परिषदेत पळून आले असते. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग पळायचं की, घरी भाकरी थापाय कोन तरी मिळालं असतं."

दवाखान्यात न्यायच्या आदल्या दुपारी तू पलंगावर पडली होतीस, मी शेजारी बसून मुलांच्या वह्या तपासत होते. तू डोळे न उघडता म्हणालीस, "सुजे, ती ताटली कुकरात घातलीस न्हवं?"

मी पेन थांबवलं.

"त्याच दिवशी घातलीस," तू म्हणालीस. "त्या दिवशी आमटी तीनदा वाढून घेतलीस. तू पाप केलं की लई जेवतीस. लहानपनी मुंगळा चिरडलास तवा चार पोळ्या खाल्ल्या होत्यास."

"मग चार वर्षं विचारत का होतीस?"

"बघत होतो, कवा खरं बोलतीस."

"हो," मी म्हटलं. "घातली."

पंखा फिरत होता. खाली पाटीलवहिनींचा मिक्सर चालू झाला, थांबला. मला वाटलं तू झोपलीस.

"दुखलं असंल काय गं तिला?"

माझ्याकडं याचं उत्तर तयार होतं. वर्गात मी ते दरवर्षी देते. मॉसला मज्जातंतू नसतात, मेंदू नसतो, वेदना म्हणजे आपण जे म्हणतो ते त्याला नसतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "मला माहीत नाही, अक्का."

तू डोळे उघडलेस. इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. "आत्ता!" म्हणालीस. "एवढं म्हनायला डॉक्टर व्हावं लागलं व्हय?" आणि कुशीवर वळून खरोखरच झोपलीस. मीही तुला विचारणार होते. तुला एवढी खात्री कुठून येते, तुला कधी शंका आली का, विटा मांडताना, उभ्या आयुष्यात एकदा तरी? उठल्यावर विचारू म्हटलं. उठलीस तेव्हा श्वास लागला होता, मग रिक्षा, मग दवाखाना, आणि तिथं तोंडाला मास्क.

जनुक परत घातलेल्या मॉसच्या ताटल्या तुझ्या आजारपणाच्या आधीच प्रियांकानं अंधाऱ्या कपाटात उभ्या केल्या होत्या. काल तिचा फोन आला, मॅडम, येता का, मी एकटी नाही उघडणार. मी गेले. तिनं कपाट उघडलं, पहिली ताटली काढली, टेबलावर ठेवली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. डावीकडचे सरळ. मधले, जनुक काढलेले, सैरावैरा. उजवीकडचे, ज्यांना त्यांचं जनुक परत दिलं होतं ते, एकूण एक ताठ उभे.

मी हातमोजे काढले आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन फोन लावला. विचारच केला नाही. बारा वर्षं लॅबमधलं बरं-वाईट ज्या नंबरवर सांगितलं तो बोटांनीच लावला. आणि लॅबच्या आत, खुर्चीवरच्या माझ्या पर्समध्ये, कोंबडा आरवला.

तुझ्या फोनचा तो कोंबडा. कुणी लावून दिला होता ते कधी कळलं नाही, आणि तू तो मला बदलू दिला नाहीस. दवाखान्यातून आणल्यापासून फोन माझ्याच पर्समध्ये होता आणि मी तो रोज चार्ज करत होते, का ते विचारू नको. मी आत धावले. प्रियांका ताटली हातात धरून पर्सकडं बघत होती. मी तो काढला. चार वर्षं मी स्वतःच्या पैशानं तुझं रिचार्ज करत होते, आणि तुझ्या फोनवर माझं नाव काय लिहिलंयस हे मी काल पहिल्यांदा बघितलं.

शेवाळवाली.

मी तो पूर्ण वाजू दिला.